ओव्याचं पान आणि मांजराचं यकृत

नेरूळच्या आमच्या सिडकोच्या घरात खिडकीच्या ग्रिलमध्ये कुंड्यांची दाटी आहे. तुळस, कोथिंबीर, पुदिना, गवती चहा, ओव्याचं पान, कोरफड. त्यांच्या मधल्या वीतभर जागेत आमची मांजर ठकी ऊन खात पडते आणि मधूनच एखादं पान चावते.

पोट बिघडलं की मांजर पाला खातं, असं आपण म्हणतो. पण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी हजाराहून जास्त मांजरांच्या मालकांना विचारलं, तेव्हा पाला खाण्याआधी आजारी दिसलेली मांजरं फारच थोडी निघाली. ही खोड उपजतच आहे.

तुळस नि कोथिंबीर तिने खुशाल खावी. पुदिना किंवा गवती चहा फार खाल्ला, तर पोट बिघडतं. मला धास्ती ओव्याच्या पानाची. सर्दी झाली की आपण ते चघळतो, म्हणून शिंकणाऱ्या मांजरालाही त्याचा रस पाजायचा मोह होतो. त्या पानाचा उग्र वास थायमॉल आणि कार्वाक्रॉलचा. दोन्ही फिनॉल जातीची रसायनं. आपलं यकृत असल्या रसायनांना ग्लुकुरोनिक आम्ल जोडून त्यांना लघवीवाटे बाहेर घालवतं. या कामातल्या एका मुख्य विकराचं (एन्झाइमचं) जनुक मांजरात निकामी आहे. पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याच्या जिवावर बेतते, ती याच उणिवेमुळे. पान नुसतं चावलं तर उलट्या-जुलाबांवर निभावतं. अर्क किंवा तेल मात्र नकोच.

कोरफडीच्या सालीखालच्या पिवळ्या चिकानेही जुलाब होतात. कांदा-लसणाची पात तर कुंडीतही नको आणि ताटातून उरलेल्या रश्श्यातही नको. त्यातली गंधकाची संयुगं मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवूनही त्यांचा गुण जात नाही. वजनाच्या किलोमागे 5 ग्रॅम कांदाही रक्तात बिघाड करायला पुरतो.

आणि गुच्छात येते ती कर्ण्यासारख्या मोठ्या फुलांची लिली. तिचे अंगावर सांडलेले पराग चाटले, फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. अशा वेळी लक्षणांची वाट पाहू नये, मांजर उचलून थेट पशुवैद्य गाठावा.

गेल्या नवरात्रात ठकीने घटाचे गव्हाचे कोंब तिसऱ्याच माळेला कुरतडले. सासूबाई चिडल्या. मांजरासाठी मुद्दाम पेरतात ते गवत म्हणजे असेच गव्हाचे किंवा ओटचे कोंब, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. आता श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात तिच्यासाठी वेगळे गहू पेरतो.