गोल्फ मैदानावर खेळायचंय? अर्ज, कागदपत्रं आणि तीन सह्या

कोल्हापुरातून गोल्फची चौकशी करणारे बहुतेक जण आधी फी विचारतात, मग कागदपत्रं. दोन्हींची माहिती खाली आहे. पण त्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. या खेळात तुम्हाला तीन सह्या कराव्या लागतात: अर्जावर, नियम व सुरक्षेच्या हमीपत्रावर आणि फेरी संपल्यावर स्कोअरकार्डावर. पहिली सही सगळे काळजीने करतात, दुसरी न वाचता करतात आणि तिसरीचं वजन नवख्यांना कुणी सांगतच नाही.

पहिली सही: अर्ज

खेळायला जाण्याचे दोन रस्ते आहेत. पाहुणा म्हणून जायचं किंवा सभासद व्हायचं. पाहुण्याला काही क्लबांत सभासदासोबतच जावं लागतं, तर काही ठिकाणी नुसती ग्रीन फी, म्हणजे मैदानावर खेळण्याची फी, भरून वेळ मिळते. ही फी शनिवार-रविवारी जास्त असते. कॅडी, म्हणजे सामान वाहणारा मदतनीस, आणि भाड्याचे क्लब (फटका मारायच्या काठ्यांनाही क्लबच म्हणतात) यांचे पैसे वेगळे, त्यामुळे फोनवर एकूण आकडा विचारा. बरोबर फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र ठेवा. मैदान लष्करी हद्दीत असेल तर ते मूळच लागेल, मोबाइलमधल्या फोटोवर गेटवरून आत सोडतील असं धरून चालू नका.

सभासदत्वाच्या अर्जाला साधारणपणे ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, पॅन, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि सूचक-अनुमोदक म्हणून दोन जुन्या सभासदांच्या सह्या मागतात. अर्जदार अठरा वर्षांखालचा असेल तर जन्मदाखला आणि पालकांचं संमतीपत्र. मुलांची वर्गणी बऱ्याच ठिकाणी कमी असते, ते आवर्जून विचारा. काही क्लब हँडिकॅप प्रमाणपत्र, म्हणजे तुमच्या खेळाची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा दाखला, मागतात, आणि नवा माणूस तिथेच अडतो: खेळलोच नाही तर हँडिकॅप आणू कुठून?

त्याची वाट अशी. भारतात हँडिकॅपचं काम इंडियन गोल्फ युनियनच्या छत्राखाली, संलग्न क्लबांमार्फत चालतं. 2020 पासून जगभर एकच पद्धत लागू झाली आहे. तिच्यानुसार किमान 54 होलचे स्कोअर जमा करायचे (होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून चेंडू खळीत जाईपर्यंतचा एक टप्पा, स्कोअर म्हणजे त्याला लागलेले फटके), मग ते 18 होलच्या तीन फेऱ्यांचे असोत की 9 होलच्या सहा. प्रत्येक फेरीत सोबत दुसरं कुणीतरी हवं आणि कार्डावर सोबत्याची सही हवी. एकट्याने खेळून आलेला स्कोअर चालत नाही. हँडिकॅप नसलेल्याचा एका होलचा स्कोअर जास्तीत जास्त पार (त्या होलसाठी ठरलेले फटके) अधिक 5 इतकाच धरतात, म्हणजे एका होलवर बारा-पंधरा फटके गेले तरी सगळी फेरी वाया जात नाही. प्रत्येक फेरीवरून मैदानाच्या अवघडपणानुसार एक आकडा काढतात. तीन फेऱ्यांचे आकडे 42.3, 45.0 आणि 39.6 आले, तर सर्वांत कमी 39.6 मधून 2 वजा करून तुमचा पहिला हँडिकॅप 37.6. वरची मर्यादा 54.0 आहे, त्यामुळे अगदी कच्च्या खेळाडूलाही तो मिळतो. पुढे शेवटच्या 20 फेऱ्यांतल्या उत्तम 8 आकड्यांची सरासरी धरतात.

दुसरी सही: हमीपत्र

अर्जाला जोडलेला हा कागद कृपया वाचा. मी पहिल्यांदा तो वाचला नव्हता. तिसऱ्या होलवर माझा चेंडू उजवीकडे भरकटला आणि गवत कापणाऱ्या एका मावशींच्या पुढ्यात, दोन हातांवर येऊन आदळला. त्या उभ्या होत्या हे मी फटका मारण्याआधी पाहिलंच नव्हतं. माझ्या तोंडून हाकही फुटली नाही, ओरडला तो कॅडी. मी जाऊन माफी मागितली, तेव्हा मावशी म्हणाल्या, “लागला नाही बाळा, पण पुढच्या वेळी हाक तरी दे.” त्या दिवसानंतर आजूबाजूला नजर फिरवल्याशिवाय मी क्लब उचललेला नाही.

गोल्फचा चेंडू जास्तीत जास्त 45.93 ग्रॅमचा, पण दगडासारखा टणक. म्हणून पुढचा गट टप्प्याबाहेर गेल्याशिवाय फटका नाही. सरावाचा झोकासुद्धा जवळ कुणी नसतानाच, आणि माणसाच्या दिशेने कधीच नाही. माळीकाम करणाऱ्यांनी तुम्हाला पाहिलंय याची खात्री करून घ्यायची. चेंडू कुणाकडे जातोय असं वाटलं की त्याच क्षणी पूर्ण आवाजात “फोर!” ओरडायचं. क्रिकेट बघत वाढलेली आपली पोरं ही हाक ऐकली की मान वर करून चेंडू शोधतात, आणि तेच घातक आहे. हाक ऐकली की पाठ फिरवा, वाका, दोन्ही हात डोक्यावर घ्या. मुलांना घेऊन जाणार असाल तर घरीच दोन-चार वेळा हे करून घ्या.

नेमबाजीत आपल्या जिल्ह्याने तेजस्विनी सावंत दिली, 2024 च्या ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने कांस्य आणलं. रेंजवर हुकूम झाल्याशिवाय कुणी बंदुकीला हात लावत नाही, हे इथल्या पालकांना समजावून सांगावं लागत नाही. गोल्फ मैदानावर तसा हुकूम देणारा कुणी नसतो. तो स्वतःच स्वतःला द्यायचा.

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो तेव्हा विजेचा नियम माहीत हवा. वीज पडण्याचा धोका वाटला तर स्पर्धा चालू असतानाही खेळाडूला स्वतःहून खेळ थांबवता येतो, त्याचा दंड नाही. फक्त स्पर्धेच्या समितीला लवकरात लवकर कळवायचं. प्रचलित खुणेप्रमाणे एक लांब भोंगा म्हणजे तिथल्या तिथे थांबा, हातातला फटकासुद्धा नाही. दोन छोटे भोंगे म्हणजे पुन्हा सुरू. मधल्या वेळात एकट्या झाडाखाली किंवा उघड्या शेडमध्ये न थांबता पक्की इमारत किंवा बंद गाडी गाठा.

हमीपत्रात मैदानाची काळजी घेण्याचंही कलम असतं. बंकरमधून बाहेर पडताना वाळू दाताळ्याने सारखी करायची, फटक्याने उखडलेला गवताचा तुकडा जागेवर बसवायचा, ट्रॉली ग्रीनवर, म्हणजे खळीभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, न्यायची नाही. सर्वांत जास्त चुकतं ते ग्रीनवरचा खड्डा बुजवताना. उंचावरून पडलेल्या चेंडूने वाटीसारखा छोटा खड्डा पडतो. लोक त्यात दुरुस्तीचा छोटा काटा खुपसून खालची माती वर उचकटतात, त्यामुळे मुळं तुटतात आणि तिथे तपकिरी डाग राहतो. काटा खड्ड्याच्या कडेबाहेर रोवा आणि कडेचं गवत चारी बाजूंनी मध्याकडे लोटा, मग पटरने (ग्रीनवर वापरायच्या क्लबने) हलकेच थोपटा. काही सेकंदांचं काम आहे. तालमीत हौदाची माती जपणाऱ्या गावाला हे जमणारच.

बाकी कॉलरचा टी-शर्ट, मऊ खिळ्यांचे बूट, फोन सायलेंट. जीन्स बऱ्याच क्लबांत चालत नाही.

वेळेचं गणित

स्पर्धेला जाणार असाल तर वेळेला फार जपा. पाच मिनिटांपर्यंत उशीर झाला तर दोन फटक्यांचा दंड, त्याहून जास्त झाला तर थेट बाद. येरवड्याच्या पूना क्लब मैदानावर सकाळची वेळ मिळाली, तर पहाटे तावडे हॉटेलवरून हायवेला लागून साधारण 230 किलोमीटर गाठायचं, वाटेत खंबाटकी आणि कात्रज. मी तरी आदल्या रात्रीच मुक्कामाला जा म्हणेन. मैदानावरही रेंगाळू नका. चेंडू शोधायला तीनच मिनिटं मिळतात, 2019 आधी पाच होती. फटक्याला 40 सेकंदांहून जास्त घेऊ नयेत अशी नियमातच शिफारस आहे. चेंडू हरवला असावा असं वाटलं तर “प्रोव्हिजनल खेळतोय” (म्हणजे तात्पुरता चेंडू) असं स्पष्ट सांगून दुसरा चेंडू आधीच खेळून ठेवा, म्हणजे परत चालत यावं लागत नाही.

तिसरी सही: स्कोअरकार्ड

या खेळात बहुतेक वेळा तुमच्यासोबत पंच नसतो. गवतात चेंडू चुकून हलला तर ते पाहणारे तुम्ही एकटेच असता, आणि दंड लागू होत असेल तर तो तुम्हीच सांगायचा असतो. तुमचे आकडे सोबतचा खेळाडू लिहितो, तुम्ही ताडून पाहता आणि दोघं सह्या करता. सही राहिली तर मूळ नियमाप्रमाणे बाद. एखाद्या होलवर खऱ्यापेक्षा कमी स्कोअर लिहून कार्ड दिलं तरी बाद. त्यात एकच सवलत आहे: दंड लागला हेच माहीत नसेल तर नंतर तो मिळवून घेतात. चुकून जास्त लिहिला तर तो जास्तीचाच कायम. बेरजेची जबाबदारी मात्र समितीची, तिथे चुकलात तरी शिक्षा नाही.

म्हणून अठराव्या होलनंतर लगेच चहाकडे वळू नका. सावलीत बसून सोबत्याबरोबर होलवार आकडे मोठ्याने वाचा. सातव्याला पाच की सहा, असा प्रश्न हमखास निघतो. तो मिटल्यावरच पेन उचला, कारण कार्ड समितीकडे गेलं की त्यात बदल करता येत नाही.