आधी घरातला रेडिओ बारीक करा

सामुदायिक रेडिओ केंद्रावरचा, म्हणजे परिसरापुरत्या छोट्या स्थानिक केंद्रावरचा, श्रोत्यांचे फोन थेट ऐकवणारा कार्यक्रम थोडा वेळ ऐकला, तरी निवेदकाच्या तोंडून एक वाक्य कानावर पडतेच. फोन लागलेला असतो, पलीकडची बाई नळाला तीन दिवस पाणी नसल्याचे सांगू लागते, आणि तिचे पहिले वाक्य पुरे होण्याआधीच निवेदक म्हणतो, “काकू, आधी घरातला रेडिओ बारीक करा.” ऐकणाऱ्याला ही नेहमीची सूचना वाटते. वास्तविक त्या एका वाक्यात ध्वनिशास्त्र, दूरसंचार आणि मेंदूची कार्यपद्धती या तिन्हींचा संबंध येतो.

काकूंच्या आवाजाचा प्रवास पाहू. मोबाइल त्यांच्या बोलण्याचे साधारण २० मिलिसेकंदांचे, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे, तुकडे पाडतो. प्रत्येक तुकडा आकड्यांच्या रूपात आटवून मनोऱ्याकडे पाठवला जातो, तेथून तो दूरसंचार जाळ्यातून केंद्राच्या फोनपर्यंत जातो आणि तिथे त्याचा पुन्हा आवाज होतो. या साऱ्याला सेकंदाचा दहावा-पाचवा भाग सहज लागतो. त्यापुढचा टप्पा, म्हणजे प्रक्षेपकापासून काकूंच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओपर्यंतचा, जवळजवळ क्षणार्धाचाही नाही, कारण रेडिओलहरी १० किलोमीटर अंतर सेकंदाच्या तीस हजाराव्या भागात कापतात. परिणामी काकूंना स्वतःचाच आवाज रेडिओतून किंचित उशिरा ऐकू येतो, आणि तोच आवाज फोनमध्ये शिरून पुन्हा केंद्राकडे निघतो. दर फेरीला तो थोडा क्षीण होत असेल तर विहिरीत हाक मारल्यासारखा प्रतिध्वनी उमटतो. दर फेरीला वाढत असेल तर सभामंडपातल्या ध्वनिक्षेपकातून येते तशी कर्कश शिट्टी वाजू लागते.

शिट्टीपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती काकूंची अडखळ. स्वतःचा आवाज उशिरा कानावर पडू लागला की माणसाची जीभ चाचरते, अक्षरे लांबतात, शब्द दोनदा उच्चारले जातात. बर्नार्ड ली या अमेरिकी संशोधकाने १९५० साली हा परिणाम नोंदवला. पुढील प्रयोगांत असे दिसले, की तो सर्वाधिक जाणवतो सुमारे २०० मिलिसेकंदांच्या विलंबाला, म्हणजे मोबाइलच्या जाळ्यात आवाजाला साधारण जेवढा उशीर होतो त्याच्या आसपास. आपण बोलतो तेव्हा मेंदू केवळ जिभेला आज्ञा देऊन थांबत नाही. उच्चारलेले अक्षर अपेक्षेप्रमाणे कानावर आले का, हेही तो सतत पडताळत असतो. ही पडताळणी चुकली की बोलणे विस्कटते. तेव्हा रेडिओवर अडखळणारी व्यक्ती घाबरलेलीच असते असे नाही. कित्येकदा दोष कोपऱ्यात चालू राहिलेल्या रेडिओचा असतो.

रेडिओ बंद केला तरी विलंब पूर्ण संपत नाही, आणि संभाषणाला त्याची झळ वेगळ्या प्रकारे लागते. तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दहा भाषांतली दैनंदिन संभाषणे तपासली (त्यांत एकही भारतीय भाषा नव्हती, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते). एकाचा प्रश्न संपणे आणि दुसऱ्याचे उत्तर सुरू होणे यांत सरासरी फक्त २०० मिलिसेकंदांच्या आसपास अंतर पडते, असे त्यांना आढळले. पण समोरच्या चित्राचे नाव घ्यायलाही माणसाला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. मग एवढ्या लवकर उत्तर येते कसे? समोरचा बोलत असतानाच आपण त्याच्या वाक्याचा शेवट ओळखतो आणि आपले उत्तर मनात जुळवायला घेतो, म्हणून. फोनवर जाताना आणि येताना असा दोन वेळा विलंब झाला, की सवयीपेक्षा दुप्पट-तिप्पट लांब शांतता पडते. निवेदकाला वाटते काकू थांबल्या, म्हणून तो पुढचा प्रश्न विचारतो, आणि नेमके त्याच वेळी त्यांचे उत्तर येऊन त्याच्या शब्दांवर आदळते. अनुभवी निवेदक प्रश्न विचारून मनात एक-दोन अंक मोजतो, तो यासाठीच. पाणीपुरवठ्याचा अभियंता स्टुडिओत बसलेला असेल, तर त्यालाही हे आधी समजावून द्यावे लागते. नाहीतर तो सतत मधे बोलतो आणि श्रोत्यांचा उगाचच समज होतो, की साहेबांना तक्रार ऐकून घ्यायची नाही.

नव्या व्यवस्थेत मोबाइलवरचा आवाज पुष्कळ सुधारला असला, तरी जुन्या पद्धतीची दूरध्वनी जोडणी ३०० ते ३४०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपने, एवढाच पट्टा वाहून नेते. पुरुषाच्या आवाजाची मूळ कंप्रता १०० ते १५० हर्ट्झ, तर स्त्रीची साधारण २०० हर्ट्झ असते. म्हणजे मूळ कंप्रता तारेतून जातच नाही. तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रता जातात, आणि त्यांच्यातले समान अंतर ओळखून मेंदू हरवलेली कंप्रता स्वतः भरून काढतो. म्हणून फोनवरचा भाऊ भावासारखाच वाटतो. वरच्या टोकाला जे कापले जाते ते मात्र मेंदूला नेहमी भरता येत नाही. ‘स’ची सळसळ मुख्यतः ४००० हर्ट्झच्या वर असते, आणि काही व्यंजनांमधला भेद हा उच्चारातल्या अगदी निमिषमात्र स्फोटात सामावलेला असतो. टँकरची फेरी ‘सात’ की ‘साठ’ कुटुंबांसाठी, हा प्रश्न फोनवर खरोखर पडतो, आणि “साठ म्हणजे सहावर शून्य ना?” हे निवेदकाचे विचारणे मुळीच अनाठायी नसते.

आता प्रक्षेपणाकडे वळू. भारतातील धोरणानुसार सामुदायिक केंद्राची प्रभावी शक्ती सामान्यतः १०० वॉट, आणि अँटेनाची उंची जमिनीपासून जास्तीत जास्त ३० मीटर असते. एफएम पट्ट्यातील लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात, त्यामुळे पृथ्वीची वक्रता आडवी येते. वातावरणामुळे लहरी किंचित वाकतात हे धरूनही ३० मीटरवरची अँटेना आणि माणसाच्या हातातला रेडिओ यांच्यातले क्षितिज सपाट प्रदेशात सुमारे २८ किलोमीटर भरते. घरे, झाडे, टेकड्या आणि मर्यादित शक्ती यांमुळे स्पष्ट ऐकू येण्याचा पल्ला १०-१५ किलोमीटरच राहतो.

हा तोकडेपणा मला उणीव वाटत नाही, कारण त्यामुळे एकच कंप्रता अनेक केंद्रांना वापरता येते. माण तालुक्यातील म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ आणि बारामतीची ‘वसुंधरा वाहिनी’ यांना ९०.४ मेगाहर्ट्झ ही एकच कंप्रता मिळालेली आहे. दोन्ही गावांत सरळ रेषेत सुमारे ६० किलोमीटर अंतर आहे आणि मधे शिखर शिंगणापूरची डोंगररांग आहे. शिवाय एफएमचा एक गुण असा, की एकाच कंप्रतेवर दोन केंद्रे आली तर ग्राहक रेडिओ अधिक प्रबळ लहर पकडतो आणि दुसरी जवळजवळ पुसून टाकतो. दोन आवाजांची खिचडी मध्यम लहरींवर होते, तशी येथे सहसा होत नाही. म्हणून तेलंगणातील पस्तापूरजवळ २००८ साली दलित शेतकरी स्त्रियांनी सुरू केलेला ‘संगम रेडिओ’देखील ९०.४ वरच आपल्या गावांशी बोलू शकतो.

पल्ला लहान असला की ऐकणारे बहुधा एकाच जलवाहिनीवर, एकाच बाजारपेठेवर आणि एकाच ग्रामीण रुग्णालयावर अवलंबून असतात. “टाकीजवळचा व्हॉल्व्ह दुरुस्त झाला” एवढे म्हटले तरी कोणती टाकी हे सांगावे लागत नाही. या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या जशाच्या तशा पुढे ऐकवता येतात. परंतु स्थानिक प्रशासनाने दिलेल्या पाणी, वीज, आरोग्य आणि नैसर्गिक आपत्तीविषयक सूचना नियमांनी बातम्यांत धरलेल्या नाहीत. पाण्याच्या वेळापत्रकावरची चर्चा त्या आधारे मोकळेपणाने होते. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले. स्वयंसेवी संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांना मात्र परवाने मिळू लागले २००६ च्या धोरणानंतर.

९०.४ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३.३ मीटर, तिचा चौथा भाग ८३ सेंटिमीटर. मोबाइलवर एफएम ऐकताना इअरफोनची वायर खोचावी लागते, ती याचसाठी: साधारण त्याच्या आसपासच्या लांबीची ती वायर अँटेनाचे काम करते. वायरची खाच नसलेले फोन आले तसे अनेक श्रोते तेच केंद्र इंटरनेटवर ऐकू लागले, आणि मुंबईला राहायला गेलेला माणदेशी माणूसही त्यांत आला. इंटरनेटवरचे प्रक्षेपण कित्येक सेकंद मागे असते. तिथून फोन करणारा अडखळत नाही, कारण एवढ्या उशिरा आलेला स्वतःचा आवाज मेंदू आपल्या बोलण्याशी जोडतच नाही. तो फक्त निवेदकाच्या मागच्या प्रश्नाचे उत्तर आता देतो.