बाल संगोपन की स्पॉन्सरशिप? एकट्या पालकाने मुलासाठी अर्ज कसा करायचा

नवरा वारला किंवा सोडून गेला की मुलांना घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला पहिला सल्ला मिळतो, ‘निराधार’चा फॉर्म भर. तो जरूर भरावा. पण मुलाच्या नावाने मिळणारी मदत वेगळी असते, आणि तिची माहिती नसल्यामुळे कितीतरी जणी अर्जच करत नाहीत.

अशा दोन योजना आहेत. पहिली राज्याची बाल संगोपन योजना. तिच्यात पूर्वी महिन्याला ४२५ रुपये मिळत, नंतर ११०० झाले. २०२३ मध्ये तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं गेलं आणि रक्कम २२५० झाली. दुसरी केंद्राच्या मिशन वात्सल्यमधली प्रायोजकत्व योजना. ऑफिसात तिला सगळे ‘स्पॉन्सरशिप’च म्हणतात. तिची रक्कम २००० वरून ४००० वर गेली.

मग सरळ ४००० साठीच अर्ज का करू नये? कारण तिथे उत्पन्नाची मर्यादा आहे: खेड्यात वर्षाला ७२,००० आणि शहरात ९६,०००. म्हणजे शहरात महिन्याला ८०००. चार घरची धुणीभांडी करणारी आई पुण्या-ठाण्यात ही रेषा सहज ओलांडते, आणि तेवढ्यात भाडं भरून मुलं वाढवणं किती कठीण आहे हे तिलाच ठाऊक. ही मर्यादा वाढायलाच हवी. तोवर मात्र उत्पन्नाचा दाखला हातात आल्यावर आकडा पाहूनच योजना ठरवा. मर्यादेच्या आत असाल तर स्पॉन्सरशिप मागा, नाहीतर बाल संगोपन. एक योजना आधीच चालू असेल तर ते अर्जात स्पष्ट लिहा.

मूल १८ वर्षांखालचं हवं. अनाथ मुलं, आई किंवा वडील वारलेली, घटस्फोटित, परित्यक्ता किंवा अविवाहित मातांची मुलं, पालक तुरुंगात किंवा गंभीर आजारी असलेली मुलं, अशांचा यात विचार होतो.

कागद साधारण असे लागतात: मुलाचं आणि पालकाचं आधार, मुलाचा जन्मदाखला, शाळेचा बोनाफाईड, रेशनकार्ड, रहिवासी पुरावा, तहसीलदारांचा ताजा उत्पन्न दाखला, बँक पासबुकची झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो. पालक वारले असतील तर मृत्यूचा दाखला, घटस्फोट झाला असेल तर कोर्टाच्या निकालाची प्रत. बऱ्याच ठिकाणी आणखी एक गोष्ट मागतात आणि नेमकी तीच राहून जाते: घरासमोर मुलासोबत उभं राहून काढलेला पोस्टकार्ड आकाराचा फोटो. घर भाड्याचं असो वा पत्र्याचं, दार नीट दिसलं पाहिजे. मुलं दोन असतील तर प्रत्येकाची फाईल वेगळी. नावाचं स्पेलिंग आधार, बोनाफाईड आणि पासबुकवर एकच आहे ना, हे फाईल देण्याआधी ताडून पाहा. खात्याला आधार जोडलेलं नसेल तर मंजुरीनंतरही पैसे अडकतात.

अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात किंवा तिथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात द्यायचा. पोच घेतल्याशिवाय उठू नका. पुढे गृहचौकशीला माणूस घरी येतो. कमाई किती, मूल शाळेत जातं का, घरात कोण कोण आहे, असं विचारतो. जे आहे ते सांगा. कर्ज, आजारपण, म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांचा खर्च हेही सांगायला लाजू नका, कारण त्या अहवालावरच पुढचं ठरतं. नंतर बाल कल्याण समितीसमोर मुलाला घेऊन जावं लागतं. समितीच्या बैठकीची वेळ आधी विचारून घ्या, म्हणजे रोजंदारी बुडवून हेलपाटा होणार नाही. स्पॉन्सरशिपचं प्रकरण जिल्ह्याच्या मंजुरी समितीपुढेही जातं.

अर्जाला फी नाही. ‘दोन हजारांत काम करून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

मंजुरीनंतर मुलाची हजेरी सांभाळा. स्पॉन्सरशिपमध्ये मूल ३० दिवसांहून जास्त गैरहजर राहिलं तर मदत थांबवली जाते. विशेष गरजा असलेल्या मुलांना यातून सूट आहे. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाताना मुलाला सोबत न्यावं लागणार असेल, तर निघण्याआधी बाल संरक्षण कक्षाला लेखी कळवा आणि तिथल्या शाळेत नाव घालून नवा बोनाफाईड फाईलला लावा.