वाईट स्वप्न किती वेळा पडतं आणि किती छळतं: दोन वेगळी मापं

‘आठवड्यातून किती वेळा वाईट स्वप्न पडतं?’ असं विचारलं की आपल्या नागपुरात हमखास उत्तर येतं, ‘रोजच पडते जी, लय त्रास आहे.’ विचारली होती संख्या, उत्तरात त्रासही आला. कागदावर मात्र एकच आकडा चढतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी झोपेतल्या लोकांच्या घरांत शिरलं. समजा, त्या भागात दोन शेजारणी आहेत. पहिलीला महिन्यातून एकदाच स्वप्न पडतं. पण पलंगाखाली पाणी येऊन राहिलं म्हणून ती ओरडत उठते, पाय टेकवून फरशी कोरडी आहे का ते चाचपते, आणि पुढे दोन दिवस आभाळ भरून आलं तरी तिचं कामात चित्त नसतं. दुसरीला तेच स्वप्न आठवड्यातून चारदा पडतं. ती घोटभर पाणी पिते, कूस बदलते, सकाळी मुलांचे डबे भरते. नुसती मोजणी केली तर दुसरी जास्त आजारी ठरेल. मदतीची निकड मात्र पहिलीला आहे.

मानसशास्त्रज्ञ कॅथरिन बेलिकी यांनी १९९२ मध्ये हेच दाखवलं: स्वप्नांची संख्या आणि त्यांचा त्रास यांचा संबंध वाटतो तेवढा घट्ट नाही.

संख्या मोजणं सोपं वाटतं, पण तसं नाही. १९९० च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी दोन आठवडे रोज सकाळी नोंद ठेवली. वर्षभराचं आठवून सांगितलेल्या अंदाजापेक्षा नोंदीवरून काढलेला वर्षाचा आकडा सुमारे अडीचपट निघाला. म्हणजे आठवणीवर विसंबलं की आकडा बहुधा कमीच येतो. उलट बाजूनं, रोज वही समोर असली की स्वप्नं जास्त लक्षात राहतात असाही आक्षेप आहे, आणि तो अगदीच खोटा नसावा. शिवाय एका रात्रीत दोन स्वप्नं पडली तर? रात्री मोजायच्या की स्वप्नं? झोपेच्या विकारांचे डॉक्टर बॅरी क्राको यांच्या प्रश्नावलीत दोन्ही वेगळे विचारतात, आणि ते योग्यच आहे.

त्रासाचं माप वेगळंच. पीटीएसडीसाठी (मोठ्या आघातानंतर जडणाऱ्या मानसिक विकारासाठी) वापरली जाणारी पीसीएल-५ ही २० प्रश्नांची यादी घ्या. तिच्यातला दुसरा प्रश्न स्वप्नांचा. पण गेल्या महिन्यात त्यांनी ‘किती त्रास दिला’ एवढंच तो विचारतो आणि ० ते ४ गुण देतो. किती वेळा पडलं, हे त्यात येत नाही. तज्ज्ञ मुलाखतीची जुनी कॅप्स पद्धत वारंवारता आणि तीव्रता यांना वेगवेगळे गुण द्यायची. पीटीएसडीच्या निदानाच्या २०१३ च्या नव्या निकषांनंतर आलेल्या कॅप्स-५ मध्ये दोन्ही मिळून एकच गुण. हाताळायला सोयीचं झालं खरं, पण माझ्या मते काहीतरी हातचं गेलं.

आणखी एक फसवी गोष्ट. संख्या कमी झाली म्हणजे सुधारणा झाली असं घरच्यांना वाटतं. कधी कधी माणूस स्वप्नाच्या भीतीनं झोपतच नसतो. टीव्ही लावून तीन-साडेतीनपर्यंत बसतो. झोपच नाही तर स्वप्न कुठून पडणार? दारूनंही काही काळ स्वप्नं दबतात, आणि दारू सुटली की उसळून येतात. अशा वेळी आकडा घटलेला आणि त्रास वाढलेला, असं दोन्ही एकदम दिसतं.

मेडिकलच्या (नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) मानसोपचार ओपीडीत जायचं असेल, तर आधी दोन आठवडे उशाशी साधी वही ठेवा. उठल्या उठल्या चार गोष्टी लिहा: किती तास झोप झाली, स्वप्नं किती, त्यातल्या कितींनी जाग आणली, आणि त्रास ० ते ४ पैकी किती. स्वप्नात काय दिसलं ते लिहायची सक्ती नाही. लिहिताना जीव घाबरा होत असेल तर ते सोडूनच द्या. तोवर कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे.