मॉर्फिन म्हणजे शेवट नव्हे

"मॉर्फिन चालू केलं? मग आता गावाकडेच न्या." परळच्या टाटा हॉस्पिटलातून कोकण रेल्वेने परतणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांच्या घरी, राजापूर असो की कणकवली, हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते चुकीचं आहे. मॉर्फिन हे अफूपासून बनणारं, तीव्र दुखण्यावरचं औषध; ते द्यायचं की नाही हे उरलेल्या दिवसांवरून नाही, दुखणं किती आहे त्यावरून ठरतं. साधी गोळी दर चार तासांनी, कमी मात्रेपासून सुरू करून वाढवत नेतात. दुखणं ओसरलं की डॉक्टर ती हळूहळू उतरवतातही. सोबत पोट साफ होण्याचं औषध मात्र हवंच. बद्धकोष्ठतेला कंटाळून गोळीच टाकून देणारे पुष्कळ.

आता त्यात भर: 'अमेरिकेत डॉक्टरांना पत्रं पाठवून मॉर्फिनसारखी औषधं बंद केली.' बंद नाही! सॅन दिएगोत ज्यांचा रुग्ण औषधाच्या अतिमात्रेने दगावला होता, अशा डॉक्टरांना शवचिकित्सा विभागाने पत्राने तसं कळवलं. २०१८ च्या अभ्यासानुसार, पत्र न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांचं अफूजन्य औषधं लिहिणं तीन महिन्यांत सुमारे १० टक्क्यांनी घटलं. तिथे या औषधांचा महापूर आला होता. आपल्याकडे ती पोचतच नाहीत. अमली पदार्थांच्या कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांचं जंजाळ कमी झालं, तरी धास्तीने हात आखडणारे डॉक्टर आहेतच. त्यांना काही कळवायचं असेल, तर रुग्ण रात्री किती वेळा कळवळून उठला ते कळवा. दहापैकी किती दुखतं, तेही.