किराणा दुकानातून आलेली कास्क स्ट्रेंथ

इंडिपेंडंट बॉटलर म्हणजे दुसऱ्यांच्या डिस्टिलरीची व्हिस्की पिंपांनी घेऊन आपल्या नावाने बाटलीत भरणारा. त्याच्या सिंगल मॉल्टचं, म्हणजे एकाच डिस्टिलरीच्या मॉल्ट व्हिस्कीचं, लेबल बघा. डिस्टिलरीचं नाव, पिंपाचा क्रमांक, गाळल्याची आणि बाटलीत भरल्याची तारीख, एकूण बाटल्या, आणि 57-58 टक्के अल्कोहोल, म्हणजेच कास्क स्ट्रेंथ: पिंपातून निघाली तशी, पाणी न घालता. हा मोकळेपणा आला स्कॉटलंडच्या दुकानदारांकडून.

एकोणिसाव्या शतकात डिस्टिलऱ्या माल पिंपांनीच विकत. अ‍ॅबर्डीनची कॅडेनहेड ही पेढी 1842 पासूनची. एल्गिनमध्ये 1895 साली उघडलेलं गॉर्डन अँड मॅकफेल हे तर चहा, वाणसामान, वाइन असं सगळं विकणारं दुकान. ते आपली रिकामी पिंपं डिस्टिलरीत पाठवून ताजी दारू भरून घेत आणि वर्षानुवर्षं मुरवत. बाकी बहुतेक मॉल्ट ब्लेंडमध्ये, म्हणजे अनेक डिस्टिलऱ्यांच्या मिश्रणात, नाहीसा होई.

पिंपात दारू साधारण 63.5 टक्क्यांची भरतात. स्कॉटलंडच्या थंड, दमट गोदामात दरवर्षी दोनेक टक्के उडून जाते आणि जोरही हळूहळू उतरतो. बाजारातला 40 टक्क्यांचा आकडा मात्र पहिल्या महायुद्धातला, दारूवर सरकारी निर्बंध आले तेव्हाचा. युद्ध संपलं, आकडा राहिला. पाणी घातलं की एका पिंपातून जास्त बाटल्या निघतात, हे गणित कंपन्यांना सोयीचंच होतं. पुढे थंड करून गाळण्याची प्रक्रिया आली. कमी जोराची व्हिस्की गारठली की गढूळ होते, म्हणून तिच्यातले तेलकट घटकच काढून टाकायचे. माझ्या मते चवीचं खरं नुकसान तिथे झालं.

1968 मध्ये गॉर्डन अँड मॅकफेलने 'कॉनॉसर्स चॉइस' मालिका आणली. बाटल्या बहुतेक 40 टक्क्यांच्याच, पण कधी नावही न ऐकलेल्या डिस्टिलऱ्या त्यातून लोकांना भेटल्या. पुढे इटलीत सिल्व्हानो सामारोली निवडक पिंपं घेऊन पूर्ण जोराची व्हिस्की भरू लागला.

खरं वळण 1983 चं. एडिंबरात पिप हिल्स आणि मित्रांनी स्कॉच मॉल्ट व्हिस्की सोसायटी काढली. एका पिंपातली व्हिस्की, पाणी न घालता, लेबलवर डिस्टिलरीच्या नावाऐवजी आकडा. 1 म्हणजे ग्लेनफार्क्लास. त्याच वर्षी मालाचा साठा अतोनात वाढल्यामुळे डिस्टिलर्स कंपनी लिमिटेडने पोर्ट एलन, ब्रोरा, सेंट मॅग्डालीनसह अनेक डिस्टिलऱ्या बंद केल्या. लिनलिथगोच्या सेंट मॅग्डालीनच्या इमारतीत आता लोक राहतात. पण तिची पिंपं या बॉटलरांच्या गोदामांत होती. त्यांनी ती भरली नसती, तर तिची चव आज फार थोड्यांना ठाऊक असती. हे ऋण मी फार मोठं मानतो.

1988 मध्ये सिग्नेटरी ही बॉटलर कंपनी आली, तिने 2002 मध्ये एड्राडोर डिस्टिलरीच विकत घेतली. गॉर्डन अँड मॅकफेलने बेनरोमाक 1993 मध्येच घेतली होती. सिंगल मॉल्टला भाव आल्यावर डिस्टिलऱ्या पिंपं बाहेर द्यायला नाखूश झाल्या. काही तर दुसऱ्या डिस्टिलरीचा चमचाभर मॉल्ट मिसळूनच देतात, म्हणजे ती सिंगल मॉल्ट राहत नाही आणि बॉटलरला लेबलवर त्यांचं नाव घालता येत नाही. 2023 मध्ये गॉर्डन अँड मॅकफेलने जाहीर केलं की 2024 पासून दुसऱ्या डिस्टिलऱ्यांची नवी दारू पिंपांत भरणं बंद. मुरत पडलेला साठा मात्र त्यांना अजून कित्येक वर्षं पुरेल.