आधी लाइट जाऊ दे, मग पाऊस

मे महिन्यात नागपुरात लाइट गेली की कूलर घरघरत हळूहळू थांबतो आणि मग भिंतीवरचं घड्याळ, शेजारच्या काकूंचं बोलणं, लांबचा भाजीवाला सगळंच एकदम ऐकू यायला लागतं. हे आवाज आधीपण होतेच ना, कूलरने झाकले होते. याला मास्किंग म्हणतात. कानाच्या आत शंखासारखा कॉक्लिया असतो, त्यात प्रत्येक फ्रिक्वेन्सीची (म्हणजे सेकंदाला किती कंपनं, त्यावरून आवाज जाड की बारीक ते ठरतं) जागा ठरलेली, एका जागी मोठा आवाज येऊन बसला की आजूबाजूचा हळू आवाज वेगळा कळतच नाही. सिनेमात आवाजाचे थर लावायचे म्हणजे अर्धं काम हेच, कोणी कोणाला झाकायचं ते ठरवणं.

नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या घरात आम्ही मित्रांनी शॉर्ट फिल्म केली, आजी एकटी घरात आणि अवकाळी पाऊस येतो असा सीन, आवाज माझ्याकडे. मी टिनावरचा खराखुरा पाऊस रेकॉर्ड करून लावला तर सगळे म्हणाले हे भजी तळल्यासारखं वाटतंय, आणि खरंच वाटत होतं. दाट पावसात हजारो थेंब एकत्र पडतात, सगळ्या फ्रिक्वेन्सी भरून जातात, धरायला कानाला काही उरतच नाही.

मग पाऊस सुटा सुटा करून बांधला. खाली लांबच्या सरीचा थर, त्यातला 2000 ते 5000 हर्ट्झचा (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं) भाग कमी केला कारण माणसाचा कान तिथेच सगळ्यात तिखट असतो आणि ती जागा मला टिनावरच्या एकेका थेंबासाठी मोकळी हवी होती. वर पन्हाळीतून बादलीत पडणारी धार, कडुलिंबाची पानं, बस. 1993 च्या जुरासिक पार्कमधल्या टी-रेक्सची डरकाळीपण अशीच थरांची आहे, साउंड डिझायनर गॅरी राइडस्ट्रॉमने त्यात हत्तीचं पिल्लू, वाघ आणि मगरीच्या जातीचा ॲलिगेटर मिसळले होते.

विजेने मात्र दमवलं. वीज पडते तेव्हा तिच्या वाटेतली हवा जवळपास 30,000 अंशांपर्यंत तापून फुटते, वाट काही किलोमीटर लांब, म्हणून जवळच्या टोकाचा कडाड आधी येतो आणि लांबच्या भागाची गडगड मागून येत राहते, वाटेत बारीक फ्रिक्वेन्सी हवाच खाऊन टाकते. कडाडसाठी जुनी चादर टराटरा फाडली, गडगडीसाठी नाटकवाल्यांसारखा मोठा पत्रा हलवला, दोन माइक लावले, एक दुसऱ्यापेक्षा पावणेदोन मीटर मागे. दोन्ही एकत्र वाजवले तर गडगडीतला दमच गेला! चाळीस अंशांच्या गरमीत आवाज सेकंदाला साधारण 355 मीटर जातो, म्हणजे मागच्या माइकवर तो 5 मिलिसेकंद उशिरा पोचला, 100 हर्ट्झच्या लाटेचा बरोबर अर्धा फेरा, एक लाट वर तेव्हा दुसरी खाली, दोघी एकमेकींना खाऊन मोकळ्या. मागच्या माइकचा ट्रॅक 5 मिलिसेकंद आधी आणला आणि छातीत धडधडणारी गडगड परत आली.

एका गोष्टीवर मी दिग्दर्शकाशी भांडलो. त्याला पाऊस सुरू झाल्यावर लाइट घालवायची होती. मी म्हटलं, भाऊ, कूलर चालू असताना पहिला थेंब कोणाला ऐकू येणार, आधी लाइट जाऊ दे. शेवटी तसंच केलं, कूलरचा सूर चार सेकंदांत खाली खाली जात विझतो, मग नुसतं घड्याळ आणि कूलरच्या ओल्या ताट्यांमधून खालच्या टाकीत गळणारं पाणी, आणि मग टिनावर एकच टप्, आजी मान वर करून बघते.